मराठी ऐतिहासिक चित्रपटातील परकीय : डोंगरावरून आणि समुद्रावरून

१

मराठीत ऐतिहासिक चित्रपटाची चर्चा बहुधा दोनच प्रश्नांभोवती फिरत आली आहे. पडद्यावर दाखविलेले खरोखर घडले होते काय, हा पहिला प्रश्न. आणि ज्याच्याविषयी दाखविले त्याचा मान राखला गेला काय, हा दुसरा. पहिला प्रश्न संशोधकाचा आहे, दुसरा भक्ताचा. २०२५ साली प्रदर्शित झालेल्या 'छावा' या हिंदी चित्रपटाच्या निमित्ताने हे पुन्हा एकदा प्रत्ययास आले. संभाजी महाराजांना लेझीम खेळताना दाखवावे की नाही आणि शिर्के घराण्याचे चित्रण न्याय्य आहे की नाही, या दोन मुद्द्यांवर वाद पेटला. लेझीमचे दृश्य वगळण्यात आले, दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी शिर्के वंशजांची क्षमा मागितली, आणि वादाचे समाधान झाले असे मानले गेले. चित्रपट म्हणून त्या कृतीचा घाट कोणता आहे आणि तो घाट प्रेक्षकाला कोठे उभे करून परकीयाकडे पाहावयास लावतो, हा तिसरा प्रश्न या गदारोळात उपस्थितच झाला नाही.

वस्तुतः परकीय सत्तेविरुद्धच्या बंडाची कथा सांगणाऱ्या कोणत्याही कृतीत हा तिसरा प्रश्न मध्यवर्ती असतो. 'परकीय' ही इतिहासात तयार सापडणारी वस्तू नाही. कथनाने आपला पाहण्याचा बिंदू निश्चित केला की त्या बिंदूपासून 'आपले' आणि 'परके' यांची रेषा आखली जाते. मराठी ऐतिहासिक चित्रपटाने हा बिंदू प्रारंभापासून डोंगरावर, गडाच्या तटावर ठेवला. तोच बिंदू मालवणच्या किनाऱ्यावर, तारकर्लीच्या वाळूत आणला तर परकीयाची आकृती कशी बदलते, याचा विचार केल्यास या चित्रप्रकाराची काही मूलभूत वैशिष्ट्ये, आणि मर्यादाही, स्पष्ट होऊ शकतील.

२

या परंपरेचे मूळ चित्रपटाच्याही आधी, नाटकात शोधावे लागते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. नाटकात इंग्रज नव्हता; विराटाची राजसभा होती. तरीही कीचकात लॉर्ड कर्झन ओळखला गेला, कारण ओळखण्याचे काम प्रेक्षकावर सोपविलेले होते. रूपकाच्या या रचनेत तीन पदे असतात : रंगमंचावरील प्राचीन घटना, रंगमंचाबाहेरील वर्तमान सत्ता आणि या दोहोंना मनातल्या मनात जोडणारा प्रेक्षक. यांतील दुसरे पद उच्चारता येत नाही, आणि त्या अनुच्चारातच रूपकाची शक्ती साठलेली असते.

मूकपटाने हीच रचना स्वीकारली. 'भक्त विदुर' (१९२१) या मूकपटातील विदुरात महात्मा गांधी दिसतात म्हणून काही प्रांतांत त्यावर बंदी आली. बाबूराव पेंटरांच्या 'सिंहगड'ने (१९२३) हरिभाऊ आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीचा आधार घेऊन शिवकाल पडद्यावर आणला. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३० साली व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली बाल शिवाजीने तोरणा घेतल्याची कथा चित्रित केली. तिचे मूळ नाव 'स्वराज्याचे तोरण'. 'स्वराज्य' हा शब्द परीक्षण मंडळाला खपला नाही आणि चित्रपट 'उदयकाल' या नावाने प्रदर्शित झाला.

या नामांतराचा अर्थ नीट पाहावयास हवा. परीक्षकाचा आक्षेप शिवाजीला नव्हता, तोरण्यालाही नव्हता. तो त्या एका शब्दाला होता. म्हणजेच सरकारी परीक्षक हा या चित्रपटाचा अत्यंत जाणकार वाचक ठरतो. पडद्यावरील आदिलशाही किल्लेदार हा १६४० च्या दशकातला विजापूरचा अंमलदार नसून १९३० सालचा गोरा अधिकारी आहे, हे त्याने अचूक ताडले होते. त्या काळच्या प्रेक्षकालाही ते ठाऊक होते. पडद्यावरील यवन सरदार ही एक रिकामी जागा होती, आणि ती जागा कोणी भरावयाची हे वर्तमान ठरवीत होते. 'उदयकाल'च्या काळात परकीय ही धर्माने वा वंशाने निश्चित झालेली व्यक्ती नव्हती. ते सत्तेच्या रचनेतील एक स्थान होते.

३

१९४७ नंतर या रूपकाचे दुसरे पद नाहीसे झाले. इंग्रज गेला, परंतु त्याच्यासाठी घडविलेली कथा, तिचे पोशाख, संवादांची धाटणी, तुतारी आणि भगवा झेंडा हे सारे मागे राहिले. भालजी पेंढारकरांचा 'छत्रपती शिवाजी' १९५२ साली आला, 'मराठा तितुका मेळवावा' १९६४ साली. भालजींच्या चित्रपटांतील निष्ठा, भाषेचा कस आणि साध्या मावळ्याविषयीची आत्मीयता वादातीत आहे. चंद्रकांत मांढरे यांनी उभा केलेला शिवाजी अनेक पिढ्यांच्या मनातील शिवाजी झाला तो उगाच नव्हे. मात्र रूपकाची गाठ सुटल्यामुळे आता पडद्यावरचा मोगल हा केवळ मोगल उरला. जे स्थान होते ते व्यक्ती झाले, आणि व्यक्तीवरून समुदायाकडे जाण्यास फारसा वेळ लागत नाही. हा दोष एका दिग्दर्शकाचा मानता येणार नाही. चित्रप्रकार टिकून राहिला आणि त्याला जन्म देणारी परिस्थिती सरली, यांतून उद्भवलेली ती रूपबंधाची अडचण आहे.

या अडचणीतून बाहेर पडण्याचा एक लक्षणीय प्रयत्न म्हणजे नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा '२२ जून १८९७' (१९७९). येथे शत्रू प्रत्यक्ष इंग्रज आहे, म्हणून रूपकाची गरज नाही. पुण्यातील प्लेगची साथ, घरोघर शिरणारे गोरे सोजीर, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी केलेला रँडचा वध, आणि त्यानंतरची द्रविड बंधूंची फितुरी हे घटनासूत्र वीरगाथेला पूर्णपणे अनुकूल होते. चित्रपट मात्र वीरगाथेचा चढा सूर टाळतो. बंड करणाऱ्यांच्या धैर्याबरोबरच त्यांच्या धर्मकल्पनांचा संकोचही तो नजरेआड होऊ देत नाही. शत्रू नाव-गाव-हुद्द्यासह समोर आला, की आपल्या बाजूचीही तपासणी करण्याचे बळ कथनाला येते, असा याचा इत्यर्थ काढता येईल. इटालियन दिग्दर्शक जिल्लो पोंतेकोर्वो यांच्या 'बॅटल ऑफ अल्जिअर्स'मध्ये (१९६६) हेच दिसते. तेथील फ्रेंच कर्नल राक्षस नाही, बुद्धिमान आणि शिस्तप्रिय सैनिक आहे. म्हणूनच त्याने चालविलेला छळ एका माणसाच्या क्रौर्याचा न राहता वसाहतवादी व्यवस्थेचा ठरतो.

'२२ जून १८९७'चा हा मार्ग पुढे रुळला नाही. २०१८ पासून आलेल्या दिग्पाल लांजेकर यांच्या 'फर्जंद', 'फत्तेशिकस्त', 'पावनखिंड', 'शेर शिवराज', 'सुभेदार' या मालिकेने आणि 'तान्हाजी' (२०२०), 'छावा' या हिंदी चित्रपटांनी पुन्हा वीरगाथेकडेच धाव घेतली. या चित्रपटांनी मराठी प्रेक्षक चित्रगृहात परत आणला, हे त्यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. मात्र मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून नागपुरात हिंसाचार झाला, तेव्हा 'छावा'ने जागविलेल्या भावनांचा उल्लेख थेट विधानसभेत करावा लागला. चित्रपटाने दंगल घडविली, असे म्हणणे हा उथळ कार्यकारणभाव होईल. पण ज्या रूपबंधात परकीयाची जागा रिकामी ठेवलेली नसते, तेथे ती जागा चित्रगृहाबाहेर कोणाला तरी भरावी लागते, एवढे मान्य करावेच लागेल.

४

आता या चित्रपटांच्या भूगोलाकडे वळता येईल. सिंहगड, पावनखिंड, तोरणा, पन्हाळा : गाजलेल्या कथांची स्थळे पाहिली तरी त्यांतील सह्याद्रीचे प्राबल्य ध्यानी येते. 'उदयकाल'चे इंग्रजी नामकरणही 'थंडर ऑफ द हिल्स' असे झाले होते. यामागची पहिली कारणे व्यावहारिक आहेत. मराठी चित्रपटाचा पाळणा कोल्हापुरात हलला. तेथे दरबारचा आश्रय होता, घोडे होते, जुनी हत्यारे होती, आणि पन्हाळा हाकेच्या अंतरावर होता. समुद्र घाटाखाली होता. जहाजे बांधून ती पाण्यावर लढविण्याचा खर्च त्या काळच्या कोणत्याही कंपनीला झेपणारा नव्हता.

दुसरे कारण अधिक खोलवरचे, रूपाशी निगडित आहे. डोंगराला शिखर असते, आणि त्याचप्रमाणे डोंगरावर घडणाऱ्या कथेलाही. कडा चढावयाचा असतो, खिंड अडवावयाची असते. वर आणि खाली, आत आणि बाहेर यांचा भेद डोळ्यांना लगेच कळतो. गडाच्या तटावर उभा असलेला आपला, आणि पायथ्याशी तळ देऊन बसलेला परका. खिंडीत एक वीर उभा राहिला की सारे सैन्य थांबते. नायक, खलनायक आणि उत्कर्षबिंदू या तिन्हींची सोय भूगोलच करून देतो. नाटकातून आलेल्या संवादप्रधान शैलीला तर गडावरील सदर आणि खालची छावणी ही जणू दोन तयार नेपथ्ये लाभली. या चित्रप्रकारातील परकीय इतका ठसठशीत दिसतो, याचे बरेचसे श्रेय या उभ्या भूगोलाकडे जाते.

५

समुद्राचा भूगोल आडवा आहे. त्याला तट नाही, पायथा नाही. म्हणूनच शिवाजी महाराजांच्या कर्तृत्वातील एक अत्यंत मौलिक अंग, म्हणजे आरमार, या चित्रपरंपरेत उल्लेखापुरते उरले. १६६४ च्या नोव्हेंबरात मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ झाला. १६६५ च्या फेब्रुवारीत महाराज स्वतः जहाजांचा ताफा घेऊन दक्षिणेकडे बसरूरवर चालून गेले. तोरणा किंवा सिंहगड यांच्या तुलनेत या घटना कमी नाट्यपूर्ण नाहीत. त्यांचे नाट्य मात्र वेगळ्या जातीचे आहे, आणि त्या नाट्यातील पात्रयोजना रूढ रूपबंधाला पेलणारी नाही.

कारण समुद्रावर 'आपले' कोण, हा प्रश्न इतक्या सहजी सुटत नाही. मराठी आरमाराच्या अग्रभागी दौलतखान आणि दर्यासारंग हे मुसलमान होते, त्यांच्याबरोबरच मायनाक भंडारी होता. जहाजांवर भंडारी, कोळी, गाबीत अशा दर्यावर्दी जातींची माणसे होती. पहिली लढाऊ जहाजे कल्याण-भिवंडीच्या परिसरात बांधण्यास प्रारंभ झाला तेव्हा त्या कामावर पोर्तुगीज कारागीर होते, आणि गोव्याच्या दडपणामुळे ते काम सोडून निघून गेले. ज्या टोपीकरांविरुद्ध आरमार उभे करावयाचे त्यांच्याकडूनच तोफा आणि दारूगोळा मिळविण्याची खटपटही चालू होती. जंजिऱ्याचा सिद्दी हबशी. तो आधी विजापूरचा आणि नंतर मोगलांचा आश्रित. येथे परकीय एक नाही. ते अनेक आहेत. एका मोसमात शत्रू, दुसऱ्यात व्यापारी, तिसऱ्यात तहातील पक्ष. अठराव्या शतकाच्या प्रारंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयीचा जो इशारा आहे तो या अनुभवातून आलेला आहे. इतर सावकार आणि टोपीकर यांत तेथे भेद केला आहे, आणि तो भेद टोपीकरांच्या मागे त्यांच्या राजांची भूमीची हाव उभी असण्यावर आधारलेला आहे. त्यांच्या धर्मावर त्याचा भर नाही. परकीयाची ही व्याख्या सत्तेच्या स्थानावरून केलेली आहे. 'उदयकाल'च्या रूपकाला जे अभिप्रेत होते, तेच सव्वादोनशे वर्षे आधी एका राजनीतिज्ञाने गद्यात मांडलेले आढळते.

१६७९-८० मधील खांदेरीचा संग्राम या दृष्टीने विशेष अभ्यसनीय ठरतो. मायनाक भंडारीने बेटावर तटबंदीचे काम सुरू केले, दौलतखानाने ताफ्याची पाठराखण केली, आणि इंग्रज व सिद्दी दोघेही त्यांच्यावर चालून आले. इंग्रजांचे 'डव्ह' हे जहाज मराठ्यांच्या हाती पडले. पण संग्रामाचा निकाल एखाद्या दिवसाच्या लढाईने लागला नाही. उथळ पाण्यातून, रात्रीच्या वेळी, वल्ह्यांवर चालणाऱ्या लहान होड्या माणसे आणि सामान बेटावर पोहोचवीत राहिल्या, आणि खोल पाण्याची मोठी जहाजे त्यांना अडवू शकली नाहीत. महिनोन्महिने हेच चालले. या कथेत महाराज स्वतः रणभूमीवर नाहीत, खिंड अडविणारा एकटा वीर नाही, शेवटचा दीर्घ संवादही नाही. आहे ती चिकाटी, भरती-ओहोटीचे ज्ञान आणि नावे नसलेली पुष्कळ माणसे. डोंगराच्या रूपबंधाला हा ऐवज घेता येत नाही, म्हणून तो पडद्यावर येत नाही. आणि पडद्यावर येत नाही म्हणून तो लोकस्मृतीतही दुय्यम राहतो.

आरमारामागचे श्रमही असेच अदृश्य राहतात. त्याच आज्ञापत्रात जहाजांसाठी लाकूड तोडताना आंबा-फणसासारखी रयतेची झाडे परस्पर तोडू नयेत, झाड जीर्ण झाले असेल तरच धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे, अशी ताकीद आहे. परकीयांविरुद्ध उभे केलेले शस्त्र आपल्याच रयतेवर उलटू नये, ही जाणीव त्यामागे आहे. बंडाच्या चित्रपटाला एक संपूर्ण प्रसंग पुरविण्याचे सामर्थ्य या ताकिदीत आहे : एका बाजूला गलबताची अपुरी डोलकाठी, दुसऱ्या बाजूला परसातला फणस आणि त्याचा धनी. या प्रसंगात खलनायक नाही आणि तरीही संघर्ष खरा आहे.

६

डिसेंबर २०२३ मध्ये नौदल दिन तारकर्लीच्या किनाऱ्यावर साजरा झाला. मालवणच्या दक्षिणेस काही किलोमीटरवरील या वाळूच्या पट्ट्यासमोर युद्धनौका, विमाने आणि हेलिकॉप्टरे यांची प्रात्यक्षिके झाली, आणि त्याच दिवशी मालवणच्या राजकोट किल्ल्यात शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. स्वतंत्र भारताच्या नौदलाने शिवकालीन आरमाराशी आपले नाते जाहीरपणे सांगावे, हे उचितच होते. तथापि समीक्षेच्या दृष्टीने पाहता या सोहळ्याचा घाट ऐतिहासिक चित्रपटाकडून घेतलेला होता हे लपत नाही. समुद्राच्या काठावर डोंगराचे शिखर उभारण्यात आले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो पुतळा कोसळला. मे २०२५ मध्ये त्याच जागी नव्या, अधिक उंच पुतळ्याचे अनावरण झाले. दोन्ही प्रसंगांनंतरची चर्चा पुन्हा त्या दोनच प्रश्नांत अडकली : बांधकामातील दोषाची वस्तुस्थिती आणि महाराजांचा अवमान.

राजकोटासमोरच, खाडीपलीकडच्या सिंधुदुर्गात, राजाराम महाराजांच्या काळात उभारलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. तेथील मूर्तीला दाढी नाही. चित्रपटाने आणि दिनदर्शिकांनी रूढ केलेल्या मुद्रेशी तिचे साम्य शोधणाऱ्याची निराशा होते. घोडा नाही, उगारलेली तलवार नाही. किनाऱ्याने आपला राजा आपल्या नजरेने पाहिला होता, याची ती खूण आहे. आणि चित्रपटाच्या नजरेशी ती जुळत नाही.

याच किनाऱ्यावरच्या गावांतून जत्रांच्या दिवसांत दशावतार होतो. त्यातील संकासूर वेद चोरतो, म्हणून तो शत्रू आहे आणि त्याचा वध अटळ आहे. परंतु काळ्या वेषातला हा संकासूर मालवणीत बोलतो, प्रेक्षकांशी थट्टामस्करी करतो आणि पोरे त्याची वाट पाहत जागी राहतात. अन्याय करणारा आपल्याच भाषेत बोलणारा असू शकतो, त्याला हसता येते आणि तरीही त्याचा पराभव व्हावाच लागतो, ही जाण या लोकनाट्याने पिढ्यान्पिढ्या जपली. येथला प्रेक्षक चित्रगृहात जातो तेव्हा त्याला परकीयाची अगदीच सपाट आकृती पाहावी लागते, ही त्याच्या रसिकतेची हानी होय.

यावर असा आक्षेप घेता येईल की लोकप्रिय चित्रपटाला खलनायक लागतोच, आणि दर्यावर्दी जीवनातील गुंतागुंत ही ग्रंथांसाठी ठीक आहे. या आक्षेपात तथ्य आहे, परंतु ते अर्धे आहे. १९३० सालच्या प्रेक्षकाने 'उदयकाल'मध्ये पडद्यावरील एका शत्रूत दुसरा शत्रू वाचला होता. त्याची समज गुंतागुंतीला अपुरी पडली नव्हती. त्याच वर्षी या किनाऱ्यावर, शिरोड्याच्या मिठागरांत, सत्याग्रह झाला. मूठभर मीठ उचलणाऱ्या माणसांसमोर लाठी घेऊन उभे असलेले शिपाई बहुतांशी एतद्देशीय होते. परकीय सत्ता देशी हातांनी चालते, हे शहाणपण तेव्हाच्या सामान्य माणसाने प्रत्यक्ष अंगावर घेतले होते. पावनखिंड मराठी ऐतिहासिक चित्रपटाने वारंवार दाखविली; शिरोड्याला आणि खांदेरीला त्याच्या रूढ कथनात जागा झाली नाही.

तारकर्लीच्या वाळूत आजही रापण ओढली जाते. दोराच्या दोन्ही टोकांना माणसांची रांग असते, सारे एकाच लयीत मागे सरतात, आणि जाळे पाण्याबाहेर येईतो आत काय आहे हे कोणालाच ठाऊक नसते. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. आरमारावर वल्ही मारणारे हात अशाच माणसांचे होते. त्यांना मध्यभागी ठेवणारा ऐतिहासिक चित्रपट निघाला तर त्यात दौलतखान आणि मायनाक भंडारी शेजारी शेजारी उभे असतील, टोपीकर तोफ विकावयास आलेला असेल, आणि त्या तिघांपैकी परका कोण हे ठरविण्याचे काम पुन्हा एकदा प्रेक्षकावर सोपविले जाईल. ते काम करण्याची त्याची पात्रता 'स्वराज्याचे तोरण' हे नाव खोडणाऱ्या परीक्षकाने पूर्वीच मान्य केलेली आहे.